अस्तर

"झालं सुरू," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने बाहीची टीप अर्ध्यावर सोडली होती. पाय शिलाई मशीनच्या पायडलवर तसेच, हात छातीवर. दुकान नुकतंच उघडलं होतं, अजून ऊनही उंबऱ्याला टेकलं नव्हतं.

"करोना काय आम्हाला झाला नव्हता? ताप उतरला तशी मी काजं करायला बसले. तुझा ताप जाऊन महिने लोटले, गाल बघ कसे टवटवीत. वरून एक टाका उसवलेला दिसत नाही, आणि चार टिपा मारल्या की बाईसाहेबांना धाप."

खुंटीवर एका वकिलाचा कोट दुरुस्तीला आलेला होता, समोरून कोरा करकरीत. सुनेने तो काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"बाहीत हात घाला, आई."

सासूबाईंना हल्ली सुईचं नाक दिसत नसे, पण बोटांना सगळं दिसे. बाहीतलं अस्तर विरलं होतं. जागोजागी दोऱ्यांचे गुंते झाले होते आणि बोटं त्यात अडत होती.

"रक्ताच्या नळ्यांना आतून असंच अस्तर असतं. काल डॉक्टर म्हणाले, करोनाने ते सुजलंय. रक्त सुरळीत सरकत नाही, गुठळी धरू शकतं. त्याच्या गोळ्या दिल्यात. हृदयालाही सूज आहे. काही महिने पायडल मारायचं नाही."

"हे काल सांगितलं, आणि तू आज मशीनवर?"

"घरी निजले असते तर तुम्ही म्हणाला असता, सोंग करते."

म्हणाल्याच असत्या. सासूबाईंचा हात बाहीतच राहिला.

"बदलता येतं का ते अस्तर?"

"नाही. विसावा दिला तर आपलं आपण भरून येतं म्हणाले. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक, आई."

सासूबाईंनी कोट बाजूला ठेवला आणि स्टूल फरफटत मशीनपाशी आणलं.

"सरक."

"मशीन तेवढं काढून घेऊ नका. रिकामी बसले तर उगाच छातीतले ठोके ऐकत बसेन मी."

"कोण काढून घेतंय? बोलू नकोस, बोलूनही दम लागतो तुला. सरक म्हटलं ना."

सून सरकली. सासूबाई तिला खेटून बसल्या आणि आपल्या पायांनी तिचे पाय पायडलवरून हलकेच ढकलून दिले.

"तू कापड धर. मला टीप दिसत नाही."

मशीनला मोटार बसवून घ्या म्हणून सून कधीची मागे लागली होती. मोटारीवर शिवलेल्याला शिवण म्हणत नाहीत, हे सासूबाईंचं ठरलेलं उत्तर. आता सुनेने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"आणू उद्या मोटार," सासूबाई म्हणाल्या. "आज ही बाही पुरी कर."

सुनेने चाकाला हात दिला. सुई सावकाश चालू लागली. सासूबाई कापडाकडे बघतच नव्हत्या, मान जराशी सुनेकडे कलती करून ऐकत होत्या. श्वास वर ओढल्याचा आवाज आला की त्यांचे पाय थांबत. तो खाली बसला की मशीन पुन्हा चालू होई.