संशयाचा फायदा

आरोपीची आठवण दाखवणारा कोर्टातला स्मृतिपडदा नीट दिसावा म्हणून विश्राम सगळ्यांत पुढच्या बाकावर येऊन बसला होता. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याची बायको शालन उभी होती. शेजारच्या सबनीसांकडे चोरी झाली, त्या दुपारी ती घरात नव्हती. कुठे होती, ते तिने विश्रामलाही सांगितलं नव्हतं. म्हणून तर पोलिसांना निनावी फोन करून त्यानेच तिचं नाव घेतलं होतं. चोर कोण, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला ती दुपार बघायची होती, आणि त्या दुपारी तिच्याबरोबर असलेला माणूस.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "यंत्र लावलं तर तुमची आठवण इथे सगळ्यांना दिसेल. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नको म्हणालात म्हणून कोर्ट तुम्हाला गुन्हेगार धरणार नाही."

"मग नको," शालन म्हणाली.

"अगं, सुटशील ना!" विश्राम जागेवरून ओरडला. शिपायाने त्याला खाली बसवलं.

दुसरा पुरावा नव्हताच. संशयाचा फायदा देऊन कोर्टाने शालनला सोडून दिलं. फायदा तिला मिळाला, संशय तेवढा विश्रामकडे राहिला.

कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्याने तिचं मनगट धरलं. "आता तरी बोल. कुणाकडे गेली होतीस?"

शालनने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"पिंजऱ्यातच बरी होते मी," ती म्हणाली. "तिथे निदान आधी विचारतात, सांगायचंय का म्हणून."