पाठीमागची दोन बोटं

नेटजवळ वाकून उभ्या असलेल्या क्विंटनने डावा हात पाठीमागे नेला आणि दोन बोटं सरळ केली. दोन बोटं म्हणजे सर्व्हिस मधल्या रेषेवर टाक, मी आडवा धावून परतीचा चेंडू गाठतो. एक बोट म्हणजे बाहेरच्या बाजूला टाक, मी जागेवर थांबतो.

मागून नेव्हिलचं नेहमीचं "बरं" ऐकू आलं आणि सर्व्हिस मधल्या रेषेवर पडली. क्विंटन आडवा धावला आणि ब्रिस्बेनच्या दोघांमधून त्याने चेंडू काढला. बर्नी गावाच्या छोट्याशा स्टँडमध्ये लोकांनी हातातले सॉसेज-पाव सावरत टाळ्या वाजवल्या.

"किती झाले?" नेव्हिलने जवळ येऊन विचारलं.

"अरे, समोर एवढा मोठा फलक लावलाय!"

"तू सांग ना. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

"पाच-चार, आपण पुढे. डोकं मी चालवतोय, तू फक्त हात चालव."

नेव्हिल हसला आणि टॉवेलकडे गेला. तो कशालाच कधी उलट बोलायचा नाही, आणि क्विंटनला तो आवडायचा तो त्याचमुळे. चार वर्षांच्या जोडीत हे ठरूनच गेलं होतं की नेव्हिल म्हणजे हात आणि क्विंटन म्हणजे डोकं. ठरवलं होतं क्विंटननेच. पत्रकारांनाही तो हे मोठ्या मनाने सांगायचा.

पुरुष दुहेरीचा हा अंतिम सामना जिंकला की क्विंटनचं मानांकन मोठ्या स्पर्धांत प्रवेश मिळण्याइतकं वर जाणार होतं. पण तिथे त्याला नेव्हिल नको होता. नेव्हिलने पस्तिशी कधीच ओलांडली होती. सकाळीच क्विंटनने झेव्हियरला होकार दिला होता आणि पुढच्या हंगामासाठी दोघांची नावंही एकत्र देऊन टाकली होती. झेव्हियर तरणाबांड, सर्व्हिस अशी की समोरच्याची रॅकेट हातात फिरावी.

"तू फक्त बोटं दाखव, दादा," झेव्हियर म्हणाला होता. "सांगशील तिथेच टाकीन. एक खूण चुकवली तर नाव बदलीन."

आणखी काय हवं होतं? नेव्हिलला मात्र हे अजून सांगायचं होतं. त्याची थोडी टोचणी होती, नाही असं नाही, पण सामना जिंकल्यावर सांगितलं की ऐकणाऱ्यालाही कमी लागतं, असं क्विंटनने स्वतःला पटवलं होतं.

एकेक सेट वाटून घेतला गेला आणि निर्णायक टायब्रेकर सुरू झाला. बाजू बदलताना नेव्हिलने लाल टोपीवाल्या एका बाईला मोठ्या प्रेमाने हात केला. बाई गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

"ती तुझी बायको नाही, बाबा! ग्रेटा तिकडे, शेवटच्या बाकावर बसलीये."

"टोपी तसलीच आहे," नेव्हिल खांदे उडवत म्हणाला.

"लक्ष कुठे असतं तुझं? नीट खेळ!"

नऊ-आठ. एक गुण हवा होता आणि सर्व्हिस नेव्हिलची होती. समुद्रावरून वारा सुटला होता, ध्वज फडफडत होते. क्विंटन नेटजवळ वाकला. आडवाच जायचं, त्याने ठरवलं. हात पाठीमागे नेला.

"बरं," मागून आवाज आला.

सर्व्हिस मधल्या रेषेवर पडली. समोरच्याने कसाबसा चेंडू परतवला. क्विंटन आधीच आडवा झेपावला होता. त्याने चेंडू दोघांच्या पायांत आपटला आणि सामना खिशात घातला.

नेव्हिलने धावत येऊन त्याला उचललं. त्याच्या खांद्यावरून हात उंचावताना क्विंटनची नजर आपल्या डाव्या हाताकडे गेली आणि त्याला आठवलं. घाईत आपण दोन नव्हे, एकच बोट दाखवलं होतं. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला पडायला हवी होती.

म्हणजे नेव्हिलचा नेम चुकला होता. चुकला, आणि चुकून बरोबर पडला! क्विंटनला मनातल्या मनात हसू आलं. अशा माणसाला सोडलं यात आपलं काही चुकलं नाही.

करंडक झाला, फोटो झाले. गाडीतळावर त्याने एकदाचं सांगून टाकलं.

नेव्हिलने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग त्याने हात पुढे केला. "वाईट वाटतंय रे, खोटं कशाला बोलू? पण पोरगा चांगला आहे. जा, जिंका."

एवढ्या सरळ माणसापुढे क्विंटनला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. मग त्याचं डोकं पुन्हा चालू लागलं.

"एक काम करशील? जायच्या आधी झेव्हियरला जरा समजावून सांग. माझी बोटं कशी वाचायची ते. तुझ्याइतकी ती कुणाला पाठ नाहीत."

"बोटं?"

"खुणा रे!"

"गाडीची किल्ली दे आधी," नेव्हिल म्हणाला. "आजपासून मलाच चालवावी लागणार."

चार वर्षं नेव्हिलची गाडी क्विंटनच चालवत आला होता; नेव्हिल शेजारी बसून झोपायचा. क्विंटनने किल्ली दिली. नेव्हिलने बॅगेच्या तळातून एक डबी काढली. तिच्यातला जाड भिंगांचा चष्मा शर्टाला पुसून नाकावर चढवला आणि क्विंटनकडे असं निरखून पाहिलं, जणू पहिल्यांदाच भेटतोय.

"बोटं मला तेवढ्या लांबून कधी दिसलीच नाहीत, क्विंटन," तो म्हणाला. "त्याला सांग, तुझ्या डाव्या टाचेकडे बघायचं. आडवा जाणार असलास की ती आधीच उचलली जाते."