पुसायचा कोरस

"तो कोरस पुसल्याशिवाय मी सही करणार नाही," नोरीन म्हणाली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

पोर्ट ॲडलेडच्या त्या स्टुडिओत 'गल्फ लँटर्न्स' हा त्यांच्या तरुणपणचा रॉक अल्बम नव्याने काढायची तयारी चालली होती. गाणी नोरीनने आणि ग्रॅमने मिळून लिहिलेली. तिच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं.

रेकॉर्डिंग सांभाळणारी वूला जुन्या फिती मांडत होती. "एवढा राग कशाचा आहे?"

"शेवटचं ते लांबलचक गाणं मी गायले होते, पोरी. एकटी. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा माझा आवाज गायब आणि माझ्या जागी ह्या ग्रॅमचा कोरस. सांगायचीसुद्धा तसदी घेतली नाही ह्याने."

"फितीवर जागाच उरली नव्हती, नोरीन," ग्रॅम कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाला. "किती वेळा तेच सांगू?"

"कोरस गायला आणलेल्या तुझ्या त्या चर्चच्या गायकांना बरी जागा सापडली."

ग्रॅम काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिला.

त्या कोरसने ग्रॅमचं नाव केलं होतं. बक्षिसं झाली, मुलाखती झाल्या. नोरीनला वाटलं, आपला आवाजच कमी पडला असणार. तिने गाणं सोडलं आणि व्हायाला गावी जाऊन शाळेची बस चालवली. रेडिओवर तो कोरस लागला की ती रेडिओ बंद करायची. मुलं कुरकुरायची, पण कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही तिने.

सगळ्यात जास्त डाचायची ती एक दुपार. माइक तपासायचाय असं सांगून ग्रॅमने तिला तासन्‌तास एकेक सूर लांबवायला लावला होता. वाटाण्याच्या सूपमध्ये बुडवलेली तिची मटण-पेस्ट्री टेबलावर तशीच राहिली होती. शेवटी पुसूनच टाकायचं होतं तर एवढं राबवून कशाला घ्यायचं? ही निव्वळ मस्ती झाली.

"कोरस जोडलाय मात्र अफाट," वूला म्हणाली. "फितीचे तुकडे गोल चिकटवून थरावर थर चढवलेत. चाळीस माणसं गातायत असं वाटतं."

"त्याच्या कारागिरीचं कौतुक मला नको सांगूस."

"होऊ दे तिच्या मनासारखं," ग्रॅम म्हणाला. "वूला, पुसून टाक. मूळ फितीही मला दे, मी त्यांची विल्हेवाट लावतो."

नोरीन बघतच राहिली. ज्या कोरसवर हा आयुष्यभर मिरवला, तो असा सहज सोडून देतोय? भांडायची सगळी तयारी वाया गेली. वय झालं बिचाऱ्याचं, असं मनात म्हणत तिने पर्समधून पेन काढलं.

"एक मिनिट," वूला म्हणाली. "कोरसची मूळ फीत हीच ना, ते आधी ऐकून बघते. नाहीतर भलतंच पुसून बसेन."

"काही गरज नाही." ग्रॅम धडपडत उठला. काठी खाली पडली. "वूला, बंद कर ते."

पण वूलाने बटण आधीच दाबलं होतं. आधी नुसती खरखर आली, मग एका तरुण बाईचा वैतागलेला आवाज.

"ग्रॅम, अजून किती वेळ हे एकच 'आ' लावत बसायचं? माझं सूप गार झालं तिकडे."