'हू' म्हणजे जो

"काका, या वाक्यात 'हू' म्हणजे काय?"

"कोण," गुलाबराव म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

मिताली मॅडमनी पोरांना दटावलं. त्या मूळच्या अकोल्याच्या. वर्गाशी हिंदीत आणि फक्त गुलाबरावांशी मराठीत बोलत. "प्रश्न विचारताना 'कोण'. पण वाक्याच्या पोटात आला, की 'जो'. आणि हा 'जो' बहुतेक वेळा लगेच आधी आलेल्या माणसाचा."

गुलाबरावांचे कान तापले. गोपालपुऱ्यातल्या या इंग्रजीच्या क्लासला सगळी विशीतली मुलं, आणि शेवटच्या बाकावर रेल्वेतून रिटायर झालेला हा गेटमन. घरी त्यांनी बागेत जातो म्हणून सांगितलं होतं. त्या खोटेपणाचीही लाज वाटायची.

पण विचारणार कोणाला? महिन्यापूर्वी नीरज म्हणाला होता, "बाबा, माझं ऑफिसचं मेडिकल आहे. चला, तुमचंही चेकअप होऊन जाईल." दुसऱ्या खेपेला गुलाबराव हॉस्पिटलात बाहेर बसले होते. अर्धवट दारातून डॉक्टर नर्सला इंग्रजीत काही म्हणाले. 'फादर' कळलं. 'कॅन्सर' कळलं. बाकीचं त्यांनी, फाटकावर फोनवरचे निरोप पाठ करायचे तसं, शब्द न् शब्द पाठ केलं. किती दिवस उरलेत, ते त्यातच असणार.

तेव्हापासून घरात कोणी मोकळं बोलत नव्हतं. सून सोनम बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. नीरजनं रजा टाकली होती. पोरगं अर्ध्या पोळीवर ताटावरून उठायचं, गालफडं बसली होती. माझ्यापायी वाळत चाललंय, या विचारानं गुलाबरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काल जिना चढताना नीरज कठड्याला धरून थांबला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बेटा, माझ्यामुळे फार त्रास होतोय तुला. माफ कर."

"असं नका बोलू, बाबा," नीरज म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

"चला, आता तुमच्यापैकी कोणीतरी एक वाक्य द्या," मॅडम म्हणाल्या.

गुलाबरावांनी पहिल्यांदाच हात वर केला. उभं राहून घसा खाकरला.

"द फादर ऑफ द मॅन हू हॅज कॅन्सर डझन्ट नो दॅट."

पुढच्या बाकांवरून माना वळल्या. मॅडमनी वाक्य फळ्यावर लिहिलं.

"कठीण वाक्य आणलंत, काका! शेवटचा 'दॅट' म्हणजे ती गोष्ट. ती बापाला ठाऊक नाही. आता सांगा, 'हू'च्या लगेच आधी कोण आहे?"

गुलाबरावांनी फळ्यावर 'हू'पासून मागे एकेक शब्द वाचला. 'फादर' पार सुरुवातीला होता.

"मॅन," ते हळूच म्हणाले.

"शाब्बास!" मॅडम खुशीत वर्गाकडे वळल्या. "तो बच्चो, कॅन्सर किसको है?"

पोरं एका सुरात ओरडली, "बेटे को!"