घट्ट खिचडी

अंगणवाडीच्या स्वयंपाकघराचं दार हातांवरचे जंतू तपासूनच उघडायचं. आज ते खिचडी रांधणाऱ्या अनसूयाबाईंसाठी उघडेना. वस्तीत तीन दिवस टँकर आला नव्हता आणि बाहेरच्या पिंपात जेमतेम खिचडीपुरतं पाणी होतं.

“मावशी, तपासणी बंद करू का? पोरं भुकेली आहेत,” दाराची देखभाल करणारा दिलावर म्हणाला.

“नको. मागच्या वर्षी जुलाबानं दोन लेकरं गेली,” अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांनी बाटलीच्या झाकणाला दाभणानं भोक पाडलं, पिंपातलं पाणी तिच्यात भरलं आणि बारीक धारेखाली साबणानं नखं, बोटांच्या बेचक्या घासून धुतल्या. दार उघडलं. मग बाटली खिळ्याला टांगून त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं.

त्या दिवशी खिचडी फार घट्ट झाली. चाळीसच्या चाळीस पोरांनी ती स्वच्छ हातांनी खाल्ली.