चाकातली टिकटिक

वारा सुटायच्या आत या कड्याखालून निघायचं, एवढं आमच्या मुस्तांगात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आज निघायला उशीर झाला, आणि नेमकी तिथेच माझ्या सायकलच्या चाकातून टिकटिक ऐकू यायला लागली. शेजारी खोल दरी. स्पोक तुटून चाक वाकलं तर मी थेट नदीत, म्हणून खाली उतरले.

मागून येणारा माझा दीर नोर्बू सायकली दुरुस्त करतो. तो हसला. "वहिनी, स्पोक कुरकुरतायत, बाकी काही नाही. चाकाचं दुखणं मला नुसतं कानानं कळतं."

"कळू दे, पण लवकर आटप. मला भीती वाटतेय."

त्यानं सायकल उलटी केली, जोडीजोडीनं स्पोक दाबले, ते एकमेकांना घासतात तिथे तेल सोडलं आणि चाक गरकन फिरवलं. टिक, टिक.

"अजून एखादा ढिला असणार. गप्प राहा जरा," म्हणत त्यानं कान चाकाजवळ नेला.

चाक हळूहळू मंदावलं आणि थांबलं.



टिकटिक चालूच होती. वाऱ्यानं सुटून कड्यावरून घरंगळत आलेला एक खडा त्याच्या तेलाच्या डबीवर टिक्कन आपटला.