रोशनची जपानी पेन्शन

"तिकडलं सगळं काढून टाक. एक पैसा राह्यला नाही पायजे तिथं," कमाल चौकातल्या इमारतीचा जिना चढता चढता तुळसाबाई म्हणाल्या. "पैसा राह्यला का माणूस बी जाते परत."

मागून रोशन काखेत फाइल धरून येत होता. आठ वर्षं जपानात इंजिनिअर म्हणून काढून तो नुकताच नागपुरात परतला होता. तिकडं पगारातून पेन्शनची रक्कम कापली जायची. ती आता एकरकमी काढावी की म्हातारपणासाठी तिथंच ठेवावी, आणि तिच्यावर कर कुठं किती, हे विचारायला मायलेक निघाले होते. निदान रोशनला तसं सांगण्यात आलं होतं.

तुळसाबाईंना पेन्शनीपेक्षा सुनेची काळजी. लग्न झालं तर पोरगं इथं टिकेल, नाही तर पुन्हा विमानात बसेल, या धास्तीनं त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. पण रोशन एकाही मुलीचा फोटो बघेना, नाव ऐकेना. तशात विहारातल्या प्रेमलताताई सहज बोलून गेल्या, "कमाल चौकात एक पोरगी टॅक्सचं काम करते, पायल. बाहेरदेशी शिकून आली. पण तुमच्या रोशनले काही शोभणार नाही." तुळसाबाईंनी त्याच संध्याकाळी वेळ ठरवली. बघण्याचा कार्यक्रम, करसल्ल्याच्या नावाखाली.

आता तुळसाबाईंचा स्वभाव अख्ख्या इंदोरा वस्तीला ठाऊक. दुसऱ्याला जे पटलं ते त्यांना पटत नसे. भाजीवाल्याला वांगी खपवायची असली की तो म्हणायचा, "मावशी, आज वांगे नका घेऊ," आणि त्यांच्या पिशवीत दोन किलो वांगी भरायचा. लहानपणी रोशनला लाल सायकल आवडली म्हणून घरात निळी आली. जपानला मात्र त्यांनीच पाठवला. "मले नाही जायचं, कंपनी जबरदस्ती करून राहिली," एवढं तो बोलला, अन् सकाळी त्याची बॅग भरून दारात.

"जय भीम, काकू. या, बसा," पायल म्हणाली.

तुळसाबाईंनी पाहून घेतलं. टेबल स्वच्छ. बोलणं मऊ. चहा आला तेव्हा पायलनं साखरेची वाटी त्यांच्यापुढं सरकवली, रोशनपुढं नाही. परदेशातून आलेली माणसं साखर टाळतात हे पोरीला कळतं तर. तुळसाबाईंनी मनात एक गुण दिला.

"एकरकमी काढली तर तिकडं आधी कर कापतील," पायल रोशनला सांगू लागली, "शिवाय तुम्ही भरलेली वर्षंही पुसली जातील. दोन्ही देशांचा करार आहे. राहू दिलीत तर ही वर्षं पुढं पेन्शनसाठी धरता येतील. इथंही परतलेल्या माणसाला सुरुवातीला बाहेरच्या कमाईवर सवलत असते. घाई करू नका."

"मले वाटते काढूनच टाकावी," रोशन म्हणाला. "आई म्हणते ते पटलं मले."

तुळसाबाईंचा कप ओठांपाशी थांबला. "तुले काय समजते त्यातलं? शिकलेली पोरगी सांगून राहिली, ते ऐक. राहू दे तिथंच."

"अवं, आत्ता जिन्यावर तू तर..."

"जिन्यावरची गोष्ट जिन्यावर राह्यली."

"काकू बरोबर म्हणतात," पायल म्हणाली आणि खाली वाकून कागद लावू लागली.

मग तिनं विचारलं, राहणार कुठं, परत जायचा विचार आहे का, घरात तुमच्यावर अवलंबून कोण. रोशनला तोंड उघडायची वेळच आली नाही. घर स्वतःचं आहे, वरती खोली काढता येते, नळाला पाणी दोन्ही वेळ येते, हे सगळं तुळसाबाईंनी करसल्लागाराला सांगून टाकलं. शेवटी त्यांना राहवेना.

"आता मी एक विचारतो. सयपाक येते का वं तुले?"

"येतो, काकू. भाकरी जरा वाकडी होते."

"होऊ दे. खाणाऱ्याचं तोंड बी वाकडंच आहे."

रोशननं फाइल मिटली. "आई, हे काय चालू आहे?"

"बघण्याचा कार्यक्रम चालू आहे. हेच ते स्थळ."

रोशन खुर्ची सरकवून उभा राहिला. "ही? नाही, आई. आत्तापासून मले शिकवून राहिली, घरी तर चहाच्या साखरेचा बी हिशोब मागीन. हिच्याशी लग्न करण्यापेक्षा मी दोन्ही देशांत डबल टॅक्स भरतो."

"बस खाली."

"नाही म्हणजे नाही."

"अन् मी म्हणतो हीच." तुळसाबाईंचा आवाज खालच्या पानठेल्यापर्यंत गेला. "सून येईन तर हीच येईन. तुले पसंत नसन तर तू जाय जपानले, ही माझ्यापाशी राहीन. तुह्यं काय म्हणणं आहे वं?"

पायलनं मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं, काकू."

"पाह्य. याले म्हणतात पोरगी." तुळसाबाई उठल्या. "बसा दोघं. मी खालून संत्रा बर्फी घेऊन येतो. आणि गा रोशन, पळून जाशीन तर याद राख."

खाली उतरताना त्या चक्क गुणगुणत होत्या. जग हिंडून आलेल्या लेकाला असं चहाच्या कपात गुंडाळणारी माय उभ्या नागपुरात दुसरी नसेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

चपलांचा आवाज जिना उतरून रस्त्याला लागला. मग पायलनं रोशनच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"नाही म्हणताना भारी जोर चढला होता तुला," ती म्हणाली. "ओसाकाला आपल्या लग्नाच्या कागदावर सही करताना तर पेन धरवत नव्हता."